सईच्या नावाचं कोकरू

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवाजवळ तर नाहीच — देवासमोर हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मशीनच्या खडखडाटात मी हे स्वतःशीच इतक्यांदा बोलले आहे, की आता कुणाच्या तरी कानावर घालावंसं वाटतंय.

मी साताऱ्यात ब्लाऊज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. बाई उंबऱ्यातून आत आली की टेप हातात घ्यायच्या आधीच मला तिचं माप कळतं — छाती, खांदा, उंची, सगळं. गिऱ्हाइकं कौतुक करतात. पण ही खोड कापडापुरती राहिलेली नाही, हे माझं मला ठाऊक आहे. माणसंसुद्धा मी अशीच मापते. कुणाकडे किती जास्त, माझ्याकडे किती कमी. लहानपणी धाकट्या बहिणीच्या ताटातली पोळी मला नेहमी माझ्या पोळीपेक्षा मोठी दिसायची, आणि ती खरोखर मोठी निघाली की मला रडू यायचं, आणि लहान निघाली तरी यायचं. मी जळकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे चांगुलपणाचं सोंग आणायला नको.

सई माझी एकुलती एक मुलगी. ती दुसरीत होती तेव्हा तिला रक्ताचा कॅन्सर झाला. नवरा फौजेत, तेव्हा लांब आसामात. दुकानाला कुलूप घालून मी तिला सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही दोघी सातारा-सांगली करत राहिलो. कधी चार दिवस, कधी महिना-महिना. दवाखान्याच्या मागे नातेवाइकांसाठी खोल्या होत्या. तिथं शेजारच्या खोलीत हौसाबाई होती, आणि तिची बानू. बानू सईच्याच वयाची, आणि दुखणंही तेच.

हौसाबाई वडूजच्या पलीकडची. धनगराच्या घरातली. थोडी कोरडवाहू जमीन, बाजरी-मटकी निघेल तेवढी, आणि बाकी मेंढरं. तिचा नवरा वर्षातले बरेच महिने कळप घेऊन रानोमाळ. मला पहिल्याच दिवशी तिची कीव आली — हो, कीव. नाकात मोठी नथनी, अंगठ्याच्या सहीची बाई, हिचं इथं कसं होणार? मी तिला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायचे. तेव्हा मला फार बरं वाटायचं. आपल्यापेक्षा कमी कुणीतरी शेजारी असलं की मला बरं वाटतं.

हे बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही.

सईला मी सांगितलं होतं, तुला अशक्तपणा आलाय. कॅन्सर हा शब्द मी तिच्यासमोर कुणाला काढू दिला नाही. सुई घेऊन सिस्टर आली की सईच्या आधी मीच रडायचे. तोंड भिंतीकडे करून रडायचे, पण पोरीला काय कळत नाही? माझे खांदे हलले की ती किंचाळायला लागायची. आणि पलीकडच्या कॉटवर हौसाबाई बानूला सांगत असायची, तुझ्या रक्तात कीड पडलीय, ह्या औषधानं ती मरती, औषध मारताना तुला बी तरास हुनार. मी एकदा तिला बाजूला घेऊन म्हटलं, लेकराला असं तोंडावर सांगतात का? ती म्हणाली, “आवं ताई, सुई तिला टोचती. मग ठावं बी तिलाच पायजे. आपुन निस्तं जवळ बसायचं.” मग बानूकडे वळून म्हणाली, “रड गं, लय रड. पर हात हलवू नगंस.” आणि बानू रडली. हात हलवला नाही.

ती बानूला कामं सांगायची. अंथरूण झाड, पाण्याची बाटली भरून आण, त्या बारक्या बाळाला खेळव. टक्कल पडलेली, काटकुळी पोर, पण वॉर्डभर मिरवत फिरायची. सई ते कॉटवरून बघायची. आणि एक दिवस सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा सई मला म्हणाली, “तू बाहेर जा. मला हौसामावशी पाहिजे.”

मी बाहेर गेले. काय करणार? जिन्यात बसले. आतून सईच्या रडण्याचा आवाज आला आणि मग थांबला. माझ्याजवळ तो इतक्या लवकर कधी थांबला नव्हता. तुम्हाला वाटेल, आईला आनंद झाला असेल, लेकराचा त्रास कमी झाला म्हणून. मला झाला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, रडावं तिनं. माझ्याशिवाय रडतच राहावं.

अजून एक सांगायला हवं, ते पुढे लागेल. वॉर्डात अधूनमधून एखादी कॉट रिकामी व्हायची. कोण घरी गेलं आणि कोण कायमचं गेलं, हे लगेच कळायचं नाही. मी चौकशा करायचे. हौसाबाई कधीच करायची नाही. एकदा बसस्टँडवर आम्हाला एक ओळखीची बाई दिसली, एकटीच, तिचा मुलगा आमच्या वॉर्डात होता. मी विचारायला पुढे झाले तर हौसाबाईनं माझा पदर धरला. म्हणाली, “इचारायचं न्हाई. गेलेल्या लेकराचं नाव आईम्होरं काढू नये. तिला सांगायचं आसंल तवा ती सांगंल.” त्यांच्याकडे असंच असतं म्हणे. नंतर कळलं, त्या बाईचा मुलगा घरी चांगला होता, ती नुसती औषधं न्यायला आली होती. मी हौसाबाईला त्यावरून किती दिवस चिडवलं. ती आपली हसायची.

दोघींचे उपचार संपले. दोघींना केस आले. मऊ, कुरळे, आधीपेक्षा वेगळेच. हौसाबाईनं आवतण धाडलं — बानूचं जावळ काढायचं आहे. जावळ? पोर दहा वर्षांची झाली होती. फोनवर ती म्हणाली, “ह्यो दुसरा जलम हाय ताई. ह्या जलमाचं पयलं क्यास बिरोबाचं. सईला बी आना, दोघींचं मिळून काढू.”

नवरा तेव्हा सुट्टीवर होता, तो म्हणाला जायचंच. गेलो. माळावर बिरोबाचं लहानसं देऊळ, लिंबाखाली न्हावी बसलेला. जावळाला मामाची मांडी लागते. बानूचा मामा बसला होता, त्यानं एका मांडीवर बानूला घेतलं आणि दुसरी मांडी थोपटून सईला म्हणाला, “यं की. तू बी माजीच भाची.” सई धावत गेली. मी न्हाव्याला बजावलं, नुसती एक बट कापा. इन्फेक्शन होईल, असं म्हणाले मी. बानूचं डोकं सगळं तुळतुळीत झालं, कपाळाला भंडारा लागला, आणि सगळा गोतावळा तिच्याकडे बघत होता. ती मधोमध उभी राहून पाहुण्यांना सांगत होती, मला कॅन्सर झाला हुता, आता बरा झाला. असं सांगत होती, जसं कुणी सांगावं मी चौथी पास झाले. आणि मी? मी साताऱ्यात सगळ्यांना टायफॉइड सांगितला होता.

मग हौसाबाईनं कळपातलं एक कोकरू आणलं. काळं, कपाळावर पांढरा ठिपका. सईच्या हातात दिलं आणि म्हणाली, हे तुझं. इथंच राहील, आम्ही सांभाळू, पण तुझ्या नावाचं. सई त्या कोकराच्या मागे अनवाणी पळत सुटली. पडली, गुडघा फुटला. मी ओरडत धावले. तोवर हौसाबाईनं हळद दाबली होती आणि सई हसत होती. मी तिला असं हसताना आजारपणाच्या आधीही पाहिलं नव्हतं. परतीच्या गाडीत ती मला बिलगून म्हणाली, “आई, आपण हौसामावशीकडंच राहायला जाऊया ना.” बिलगून म्हणाली, हेच मला जास्त लागलं.

त्यानंतर दर रविवारी फोन. सई आणि बानू तासभर बोलायच्या. कोकरू केवढं झालं, काय खातं, बानू शाळेत पळण्यात कितवी आली. आणि फोन ठेवला की सईचं सुरू — मी का नाही पळायचं? बानू पळते. मी का नाही सहलीला जायचं? बानू गेली. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, हिला सगळं करू द्या. मी दुकानात मशीनवर बसून ऐकायचे आणि माझा पाय जोरात चालायचा. माझ्या मुलीला मी वाचवलं, रात्रंदिवस मी जागले, आणि तिच्या तोंडी नाव त्या बाईचं?

शाळेच्या क्रीडास्पर्धा आल्या. सईनं मला न विचारता शंभर मीटरला नाव दिलं. घरी येऊन सांगितलं, चिडून नाही, आनंदानं. बानूनं शिकवलंय म्हणाली, सुरुवातीला श्वास कसा धरायचा ते.

आणि मी म्हणाले — काजं करत होते, मान वर न करता म्हणाले — “बानूला परत झालंय.”

इथं मी थांबू शकले असते. नाही थांबले. सईनं विचारलं, कशानं? मी म्हणाले, पळून पळून. उन्हात फिरून.

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग गणवेश न बदलता आत जाऊन निजली. त्या रविवारी हौसाबाईचा फोन आला, मी तो उचलला नाही. तिचा नंबर माझ्या फोनवर बंद करून टाकला. दुसऱ्या नंबरावरून एकदा आला, “ताई” एवढं ऐकू आलं आणि मी तो कापला. महिन्याभरानं सईनं मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, “आई, बानू गेली का?” मी भाकरी थापत होते. मी थापत राहिले. माझ्या गप्प बसण्यातून तिनं जे घ्यायचं ते घेतलं.

नवऱ्यालाही मी तेच सांगितलं. घरात एकच खोटं असलेलं बरं, दोन असली की जुळवत बसावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, काळजीपोटी बोलली असेल. किती सोपं झालं असतं! पण काळजी नव्हती ती. मला माझी पोर माझ्यापाशी हवी होती, आणि ती मिळाली. सई पळाली नाही. सहलीला गेली नाही. मैत्रिणी रविवारी सकाळी अजिंक्यतारा चढून यायच्या, ही गॅलरीत उभी राहून त्यांची वाट बघायची. अंगावर कुठं निळा डाग दिसला की माझ्यापुढे हात धरायची — आई, हे तेच तर नाही ना? सर्दी झाली की दहा वेळा कपाळ बघायला लावायची. मी जवळ घ्यायचे. ती शांत व्हायची, माझ्या कुशीत, माझ्यामुळे. मला सुख वाटायचं. सांगायची लाज वाटते, पण वाटायचं.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. पुण्याला प्रवेश मिळत होता, गेली नाही. दुकानात माझ्या शेजारी बसून हूक लावते. गिऱ्हाइकं म्हणतात, नशीबवान आहात हो, आजकालच्या मुली कुठं अशा आईला धरून राहतात? मी हसते.

सांगलीला वर्षातून एकदा तपासणीला जावंच लागतं. बानूच्या गावाकडची माणसं मंगळवारी येतात हे मला माहीत होतं, म्हणून मी कायम शुक्रवार मागून घेत आले. गेल्या खेपेला डॉक्टर शुक्रवारी नव्हते, म्हणून सगळ्यांनाच एका दिवशी बोलावलं होतं. मला ते तिथं गेल्यावर कळलं.

सईला हृदयाच्या तपासणीसाठी आत घेतलं होतं. केमोनंतर ती करावी लागते. मी बाहेर बाकावर बसले होते, सईची पर्स मांडीवर. आणि तपासणी आटोपून निघालेली हौसाबाई समोरून आली. तीच नथनी, केस पांढरे. तिच्या शेजारी एक उंच मुलगी, ट्रॅक पँट, पायात पळायचे बूट, केसांची घट्ट वेणी. ती कोण, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

हौसाबाईनं मला ओळखलं. थबकली. माझ्याकडे बघितलं, माझ्या दोन्ही बाजूंना बघितलं. मी एकटी होते. मग ती हळू आली, माझ्याजवळ बसली, आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाली, “म्या काय इचारत न्हाई ताई, हितं कशापायी आलाय त्ये बी न्हाई. फोन बंद झाला तवाच उमगलं हुतं.”

मला समजायला क्षणभर लागला. मग समजलं. इतकी वर्षं तिच्या घरी माझी सई मेलेली होती. माझ्या घरी तिची बानू, तिच्या घरी माझी सई. दोन्ही पोरींना मारणारी मी.

तोंड उघडायचं होतं. एक वाक्य. ती आत आहे, दार उघडेल आता. एवढंच तर होतं ना? माझ्या अंगाला अंग लावून हौसाबाई रडत होती आणि सांगत होती, “तिच्या कोकराचं लय वाडलं वं. त्येच्या पोटची कैक झाली. येगळी राखलीया. एक बी इकलं न्हाई. इकवत न्हाई. सईची मेंढरं म्हनत्यात गावात.” बानूनं वाकून माझ्या पायांना हात लावला. पोलीस भरतीची तयारी करते म्हणाली. “मावशी, शेवटच्या फेरीला दम संपला की म्या सईचं नाव घेती.”

आणि मी काय केलं? मी तिच्याकडे बघत होते. खांदे सरळ. मान ताठ. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं. माझ्या मनात आलं — आता ते दार उघडेल आणि माझी सई बाहेर येईल, उन्हाळ्यात अंगावर शाल घेऊन, पाठीत वाकलेली, आधी माझ्याकडे बघून मग पाऊल टाकणारी. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहतील. आणि ही बाई बघेल. हिनं तिच्या पोरीचं काय केलं आणि मी माझ्या पोरीचं काय केलं, ते सगळं ह्या बोळात उभं राहील. ते मला सोसवेना. माझ्या जिवंत पोरीच्या जिवंत असण्यापेक्षा मला ते मोठं वाटलं.

मी उठले. हौसाबाईच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, चला, तुम्हाला गेटपर्यंत सोडते, तुमची विट्याची गाडी चुकेल. तिला वाटलं, मला तिथं बसवत नाही. ती मला सांभाळत चालली, मी पडेन म्हणून कंबरेत हात घालून. गेटवर तिनं पिशवी सोडून मला बाजरीच्या दोन भाकरी दिल्या, वाटेत खा म्हणाली. मी घेतल्या. त्या दोघी रस्ता ओलांडून गेल्या, बानू पुढे, आईचा हात धरून.

परत आले तर सई बाकावर बसून घाबरी झाली होती. कुठं गेली होतीस, मला वाटलं तुला काहीतरी सांगितलं त्यांनी. मी म्हणाले, भाकरी घ्यायला गेले होते.

कराडच्या पुढे तिनं त्यातली अर्धी भाकरी खाल्ली. हौसामावशीच्या हातची चव आहे ना गं, म्हणाली. रिपोर्ट चांगला होता, ती जरा मोकळी झाली होती. खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग एकदम, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, “आई, बानू असती तर आता केवढी असती गं?”

“तुझ्याएवढीच असती,” मी म्हणाले.

माझं माप चुकत नाही. बानू सईपेक्षा चांगली चार बोटं उंच आहे.